एका गेटचं पान नीट, तर सगळी पानं नीट: सफारीच्या वेबसाइटसाठी वर्डप्रेसमध्ये टेम्प्लेट्स बांधताना

नागपुरातल्या टूर-ट्रॅव्हल्सवाल्यांच्या बऱ्याच वेबसाइट्सचा एकच रोग आहे. सिल्लारी या जंगल-सफारीच्या प्रवेशद्वाराचं, म्हणजे गेटचं, पान एका तऱ्हेचं, खुर्सापारचं दुसऱ्या तऱ्हेचं आणि कोलाऱ्याच्या पानावर गेल्याच्या गेल्या हंगामाचे दर. कारण साधं असतं. पहिलं पान हौसेनं बांधलं, मग त्याची डुप्लिकेट काढून मजकूर बदलला, मग त्या डुप्लिकेटची डुप्लिकेट. वीस गेटं म्हणजे वीस सुट्या प्रती. ऑफिसचा फोन बदलला की वीस ठिकाणी हात घालायचा, त्यात तीन सुटतात आणि महिन्याभरानं मालकाचा फोन येतो, "भाऊ, नंबर बदलूनच नाही राहिला."

यावर उपाय पानाच्या साच्याचा, म्हणजे टेम्प्लेटचा आहे. पण टेम्प्लेट म्हणजे "छान डिझाइन" अशी समजूत घेऊन बसलात तर पुन्हा तिथेच पोचाल. कोणती गोष्ट कुठे दिसेल एवढंच टेम्प्लेटनं ठरवायचं. काय दिसेल ते त्यात नसावं. खालचा सगळा खटाटोप ही एक शिस्त पाळण्यासाठी आहे.

इथलं सगळं वर्डप्रेसच्या ब्लॉक थीमला धरून आहे, म्हणजे जिच्यात शीर्षक, फोटो, परिच्छेद असा पानाचा प्रत्येक तुकडा हा सुटा ब्लॉक असतो. ब्लॉक एडिटर डिसेंबर २०१८ मध्ये ५.० आवृत्तीत आला, पण पूर्ण टेम्प्लेट ब्लॉकांनी बांधायची सोय जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून. आपल्याला लागणारी, फील्ड ब्लॉकला जोडायची सोय ६.५ मध्ये आली आणि तिचा बटणांचा इंटरफेस नोव्हेंबर २०२४ च्या ६.७ मध्ये. तेव्हा ६.७ किंवा त्यापुढची आवृत्ती घ्या. एक सूचना: फाइलींची आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमन लहान अक्षरांतच द्यायची.

## आधी कागद, मग कॉम्प्युटर

साइटवर पानं किती हे मोजू नका, पानांचे प्रकार किती ते मोजा. सफारीच्या साइटला साधारण सहा पुरतात: मुखपृष्ठ, एका गेटचं पान, एका जंगलातल्या गेटांची यादी, साधं पान (आमच्याबद्दल, रद्द करण्याचे नियम वगैरे), शोधाचा निकाल आणि "पान सापडलं नाही". यापलीकडे सातवं टेम्प्लेट सुचलं तर आधी विचारा, की हा खरंच नवा प्रकार आहे की फक्त रंग वेगळा हवा आहे?

आता गेटच्या पानावर काय काय येतं ते लिहून काढा. नाव, फोटो, कोणतं जंगल, कोअर (जंगलाचा गाभा) की बफर (त्याभोवतीचा पट्टा), कोणतं राज्य, नागपूरहून अंतर, रस्ता, सफारीच्या वेळा, बुकिंगची लिंक, वर्णन. यातल्या प्रत्येकापुढे एक खूण करा. ज्यावरून यादी काढायची आहे ते टॅक्सॉनॉमी (वर्गवारी), जे नुसतं दाखवायचं आहे ते फील्ड (माहितीचा रकाना), आणि जे गेटागणिक ऐसपैस वेगळं लिहायचं आहे ते मजकूर.

ही वाटणी चुकली की पुढे फार महाग पडते. वर्डप्रेसचा नोंदींची यादी दाखवणारा क्वेरी लूप ब्लॉक टॅक्सॉनॉमीवरून गाळणी लावू शकतो, फील्डवरून लावू शकत नाही. "फक्त बफर गेटं दाखवा" अशी यादी कधी ना कधी लागणारच, म्हणून कोअर-बफर हे फील्ड करू नका, टॅक्सॉनॉमी करा. राज्यही तसंच. पेंच महाराष्ट्रातही आहे आणि मध्य प्रदेशातही. सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली इकडचे आणि तुरिया तिकडचं. दोन्ही राज्यांची बुकिंगची व्यवस्था वेगळी, त्यामुळे लिंक "पेंच"ला एकच देऊन चालत नाही, ती गेटागणिक फील्डमध्येच हवी.

आणि प्रवेश शुल्क? ते बदलत राहतं. ते टेम्प्लेटमध्ये तर नकोच, जमलं तर फील्डमध्येही नको. सरकारी बुकिंगच्या पानाची लिंक द्या आणि मोकळे व्हा.

## गेट ही वेगळी नोंद

गेटं "पोस्ट" किंवा "पेज" म्हणून भरू नका. त्यांच्यासाठी स्वतंत्र पोस्ट टाइप (नोंदींचा प्रकार) तयार करा, नाव समजा "सफारीगेट". नावाला वीस अक्षरांची मर्यादा आहे. त्याचा कोड थीममध्ये टाकायचा मोह होईल, पण टाकू नका. थीम बदलली की गेटांचा अख्खा विभाग अ‍ॅडमिनमधून नाहीसा होईल. डेटा तसाच असतो, पण मालकाला तो गेल्यासारखाच. एका फाइलचा छोटा प्लगइन करून त्यात ठेवा.

नोंदणी करताना चार गोष्टी बघा. "शो इन रेस्ट" चालू हवं, नाहीतर ब्लॉक एडिटर उघडतच नाही, जुना एडिटर येतो. "हॅज आर्काइव्ह" चालू हवं, नाहीतर सगळ्या गेटांची यादी दाखवणारं पान मिळत नाही. "सपोर्ट्स"मध्ये टायटल, एडिटर, थंबनेल, एक्सर्प्ट (सारांश) यांबरोबर "कस्टम फील्ड्स" लिहा. हे राहिलं तर पुढे फील्ड ब्लॉकला जोडताच येत नाही, आणि हीच गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहते. शेवटी, टॅक्सॉनॉमी नोंदवताना तिथेही "शो इन रेस्ट" चालू करा, नाहीतर गेट भरताना जंगल निवडायचा रकाना दिसत नाही.

प्रत्येक फील्डही याच प्लगइनमध्ये नोंदवायचं. त्याला शो इन रेस्ट, "सिंगल" चालू, प्रकार "स्ट्रिंग". फील्डचं नाव अंडरस्कोरनं सुरू करू नका. वर्डप्रेस अशी फील्डं खासगी धरतं आणि ब्लॉकला त्याची किंमत, म्हणजे त्यात भरलेला मजकूर, देत नाही. "डिफॉल्ट" किंमतही इथेच द्या. अंतराला "चौकशी करा" अशी डिफॉल्ट असली की कुणी अंतर भरायचं विसरलं तरी पानावर नुसतं "अंतर:" असं लटकत राहत नाही.

प्लगइन चालू केल्यावर सेटिंग्ज → पर्मालिंक्समध्ये (पानांच्या पत्त्यांच्या सेटिंगमध्ये) जाऊन काहीही न बदलता सेव्ह दाबा. हे केलं नाही तर गेटाचं प्रत्येक पान "सापडलं नाही" म्हणतं आणि लोक टेम्प्लेटमध्ये चूक शोधत बसतात. चूक तिथे नसते.

## थीम: रिकामी नको, मूळही नको

ब्लॉक थीम असण्यासाठी दोनच फाइली पुरतात, एक स्टाइलची सीएसएस फाइल आणि टेम्प्लेट्स फोल्डरमधली इंडेक्सची एचटीएमएल फाइल. पण शून्यापासून थीम बांधणं म्हणजे हौस. वर्डप्रेसबरोबर येणारी ट्वेंटी ट्वेंटी-फोर किंवा ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्ह घ्या आणि तिची चाइल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली आणि फक्त आपले बदल ठेवणारी थीम. चाइल्डच्या स्टाइल फाइलच्या माथ्यावर "टेम्प्लेट" या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचं नाव जसंच्या तसं. एक अक्षर चुकलं तरी मूळ थीम सापडली नाही अशी तक्रार येते.

चाइल्डमध्ये तीन ठिकाणं असतील. "टेम्प्लेट्स" फोल्डर, "पार्ट्स" फोल्डर (हेडर, फूटर) आणि "थीम डॉट जेसन" ही रुंदी, फॉन्ट वगैरे ठरवणारी फाइल. पार्ट्समध्ये उपफोल्डर करू नका, आतल्या फाइली वर्डप्रेस उचलत नाही. थीम डॉट जेसनमध्ये आवृत्ती ३ लिहा, ती ६.६ पासून चालते. मजकुराची रुंदी ६८० पिक्सेल आणि "वाइड" रुंदी १२०० पिक्सेल ठेवा. १८ पिक्सेलच्या मराठी अक्षरात ६८० ची ओळ वाचायला बरी जाते.

एक क्रम मात्र पक्का लक्षात असू द्या: साइट एडिटरमधून केलेला बदल डेटाबेसमध्ये जातो आणि तो सगळ्यांच्या वर असतो. त्याखाली चाइल्ड थीमची फाइल, त्याखाली मूळ थीमची. "फाइल बदलली पण साइटवर काहीच होत नाही" या तक्रारीचं उत्तर जवळजवळ दरवेळी हेच. कुणीतरी कधीतरी एडिटरमध्ये जाऊन सेव्ह दाबलेलं असतं. टेम्प्लेटच्या यादीत तीन टिंबांच्या मेन्यूतून "रीसेट" केलं की फाइल पुन्हा बोलू लागते. अर्थात डेटाबेसमधला बदल मग जातो, म्हणून आधी तो कॉपी करून ठेवा.

## कोणत्या पानाला कोणतं टेम्प्लेट

वर्डप्रेस नेमक्याकडून ढोबळाकडे जातं. गेटाचं पान उघडलं की आधी "सिंगल-सफारीगेट-" आणि पुढे त्या गेटाचा स्लग (पत्त्यातलं नाव) अशी फाइल शोधतं, मग "सिंगल-सफारीगेट", मग "सिंगल", मग "सिंग्युलर" आणि शेवटी "इंडेक्स". जंगलाच्या यादीसाठी "टॅक्सॉनॉमी-जंगल-ताडोबा", मग "टॅक्सॉनॉमी-जंगल", "टॅक्सॉनॉमी", "आर्काइव्ह", "इंडेक्स". मुखपृष्ठाला "फ्रंट-पेज".

"होम" या नावाला फसू नका. ते मुखपृष्ठ नसतं. ते ब्लॉगच्या ताज्या लेखांच्या यादीचं टेम्प्लेट असतं.

या उतरंडीचा उपयोग काटकसरीनं करा. "ताडोब्याला वेगळं डिझाइन पाहिजे" असं कुणी म्हणालं की "टॅक्सॉनॉमी-जंगल-ताडोबा" करायला हात शिवशिवतात. वर्षभरात अशी पाच टेम्प्लेट्स होतात आणि आपण पुन्हा डुप्लिकेटच्या धंद्यात. वेगळेपण फोटोतून आणि मजकुरातून येऊ द्या.

जाहिरातीसाठी हेडर-मेन्यू नसलेलं एखादं पान लागलंच, तर ते "कस्टम टेम्प्लेट" म्हणून करा. पान लिहिणारा ते उजवीकडच्या पट्टीतून निवडू शकतो. थीमच्या फाइलीतून देत असाल तर थीम डॉट जेसनच्या "कस्टम टेम्प्लेट्स" यादीत त्याचं नाव हवं आणि ते फाइलच्या नावाशी एक्स्टेन्शन सोडून तंतोतंत जुळायला हवं.

## गेटाचं पान बांधताना

अपिअरन्स → एडिटर → टेम्प्लेट्स → नवीन, आणि "सिंगल आयटम: सफारी गेट". आधी दोन-तीन गेटं पूर्ण भरून ठेवा, रिकाम्या साइटवर टेम्प्लेट बांधणं म्हणजे मापं न घेता कपडा बेतणं. एक गेट सगळ्यात लांब नावाचं असू द्या आणि एक "झरी"सारखं दोन अक्षरी.

वरती हेडर हा टेम्प्लेट पार्ट. त्यातल्या साइट टायटल ब्लॉकची पातळी आत्ताच बघा. तो मूळात एच-वन असतो आणि गेटाचं नावही एच-वन, म्हणजे पानावर दोन मुख्य शीर्षकं. साइट टायटलला परिच्छेद करा.

त्याखाली कव्हर ब्लॉक घ्या आणि त्यात "फीचर्ड इमेज वापरा" निवडा. नुसता फीचर्ड इमेज ब्लॉकही चालतो, पण ज्या गेटाला फोटो लावलेला नाही तिथे तो काहीच छापत नाही आणि पान वर सरकतं. कव्हर असला की फोटो नसताना निदान रंगाची पट्टी राहते. किमान उंची ३६० पिक्सेल पुरे. ५०० केली तर मोबाइलवर पहिल्या पडद्यावर फोटोशिवाय काही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक फोटो बघायला आलेलं नसतं, फोन नंबर बघायला आलेलं असतं. कव्हरच्या आत "टायटल" ब्लॉक, एच-वन, लिंक बंद.

मग माहितीची चौकट. एक ग्रुप, त्याच्या आत प्रत्येक बाबीला एक "रो" ब्लॉक. रोमध्ये दोन परिच्छेद: डावा "नागपूरहून अंतर" असा पक्का लिहिलेला, उजवा फील्डला जोडलेला. दोन वेगळे परिच्छेद का? कारण फील्ड जोडलं की त्या परिच्छेदातला सगळा मजकूर फील्डच्या किमतीनं बदलला जातो, "अंतर: अमुक किमी" असं अर्धं पक्कं आणि अर्धं जोडलेलं करता येत नाही. उजवा परिच्छेद निवडा, उजव्या पट्टीत "अ‍ॅट्रिब्यूट्स" उघडा, "कंटेंट"वर टिचकी मारून फील्ड निवडा. एडिटरमध्ये तिथे खरी किंमत न दिसता फील्डचं नाव दिसेल. घाबरू नका, टेम्प्लेट कोणत्याच एका गेटाचं नसतं. फील्डांच्या यादीत तुमचं फील्डच दिसत नसेल तर शो इन रेस्ट किंवा कस्टम फील्ड्सचा सपोर्ट, दोन्हीतलं एक राहिलंय.

बुकिंगच्या बटणाला फील्ड जोडताना "कंटेंट" नाही, "यूआरएल" जोडायचं. बटणावरचे शब्द टेम्प्लेटमध्येच पक्के ठेवा.

जंगल आणि कोअर-बफर यांच्यासाठी फील्ड नाही, "टर्म्स"चा ब्लॉक. त्याची लिंक आपोआप त्या जंगलाच्या यादीवर जाते आणि इथेच वरच्या वाटणीचा फायदा दिसतो.

आता "कंटेंट" ब्लॉक. हा विसरलात तर गेटाचं वर्णन कुठेच दिसणार नाही, आणि असं टेम्प्लेट सेव्ह करायला वर्डप्रेस मनाई करत नाही. तो ठेवल्यावर "आतले ब्लॉक कंटेंटच्या रुंदीत" ही कळ चालू करा. बंद राहिली की मजकूर पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरतो आणि वर्णनात टाकलेल्या फोटोंना वाइड, फुल असे पर्याय नीट चालत नाहीत.

पावसाळ्याची सूचना हा वेगळा विषय आहे. कोअरमधली सफारी पावसाळ्यात बंद असते आणि ती सूचना सगळ्या गेटांवर एकदम लागावी, एकदम निघावी. ती टेम्प्लेटमध्ये लिहू नका, "सिंक्ड पॅटर्न" (एका जागी बदलला की सगळीकडे बदलणारा तुकडा) करून टेम्प्लेटमध्ये ठेवा. कारण हक्कांचं आहे. टेम्प्लेट आणि टेम्प्लेट पार्ट बदलायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर लागतो, सिंक्ड पॅटर्न मात्र एडिटर भूमिकेचा माणूसही बदलू शकतो. ऑफिसात बसणाऱ्या मुलीला जुलैत दोन ओळी लिहायच्या असतात, त्यासाठी तिला अख्ख्या साइटची किल्ली कशाला? हंगाम सुरू झाला की पॅटर्न रिकामा करायचा, डिलीट करायचा नाही. डिलीट केला तर टेम्प्लेटमध्ये त्याची तुटकी जागा उरते. फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटणही याच पद्धतीनं.

## यादीचं पान

इथे एकच चूक सगळ्यांना गाठते. क्वेरी लूप टाकला, पेंचच्या यादीत ताडोब्याची गेटं, ताडोब्याच्या यादीत पेंचची. क्वेरीचा प्रकार "कस्टम" राहिलेला असतो. यादीच्या टेम्प्लेटमध्ये तो "डिफॉल्ट" हवा, म्हणजे पत्त्यात जे जंगल आहे त्याचीच गेटं येतात. मुखपृष्ठावर "निवडक गेटं" दाखवायची असतील तिथे कस्टम बरोबर.

डिफॉल्ट घेतल्यावर दोन गोष्टी हातातून जातात. पानावर किती नोंदी, हे सेटिंग्ज → रीडिंगमधून ठरतं. तिथे मुळात १० असतात, तीन कॉलमच्या ग्रिडमध्ये शेवटच्या ओळीत एक कार्ड एकटंच उरतं. १२ करा. दुसरं, क्रम तारखेचा येतो, सगळ्यात शेवटी भरलेलं गेट पहिलं. गेटांना तारखेचा क्रम निरर्थक आहे. प्लगइनमध्ये "प्री गेट पोस्ट्स" या हुकवर (आपला कोड अडकवायची जागा; यातलं "गेट" जंगलाचं नव्हे), अ‍ॅडमिन सोडून आणि फक्त मुख्य क्वेरीसाठी, क्रम शीर्षकानुसार चढता असं सांगा. मुख्य क्वेरीची अट विसरलात तर मेन्यूपासून साइडबारपर्यंत सगळ्यांचे क्रम बदलतात.

कार्डात फोटो ३:२ प्रमाणात, "कव्हर" पद्धतीनं कापलेला. नाव एच-टू, लिंक चालू. एक्सर्प्टची मुळातली मर्यादा ५५ शब्द, मराठीत ती कार्डाच्या मानानं फार होते, २० ते २५ करा. "नो रिझल्ट्स" ब्लॉकमध्ये दोन ओळी आणि फोनचा पॅटर्न ठेवा.

## देवनागरीची पथ्यं

तयार थीम रोमन अक्षरांसाठी घडवलेल्या असतात. मराठी मजकूर ओतला की पुढचे बिघाड हमखास दिसतात आणि ते थीम डॉट जेसनमध्ये एकदाच निस्तरायचे, पानापानावर नाही.

ओळीची उंची पहिली. अनेक थीममध्ये शीर्षकाची उंची १.१ ते १.२ असते. दोन ओळींचं मराठी शीर्षक आलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शीर्षकाला १.३५ ते १.४, मजकुराला १.७. मग अक्षरांमधलं अंतर. "लेटर स्पेसिंग"ला शून्याशिवाय काहीही दिलं की शिरोरेषा तुटते किंवा अक्षरं एकमेकांवर चढतात. ट्वेंटी मालिकेतल्या थीममध्येही शीर्षकांना उणे अंतर दिलेलं आढळतं. चाइल्डमध्ये ते "नॉर्मल" करा. "ड्रॉप कॅप" बंद करा, मोठं केलेलं पहिलं अक्षर आणि त्याची मात्रा यांचं जमत नाही. तिरपा ठसाही काढा. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरा इटॅलिक नसतो, ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून तिरपं करतो. अवतरणाच्या ब्लॉकमध्ये नाव तिरपं येतं का ते मुद्दाम तपासा.

फॉन्ट मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, ४०० आणि ७०० ही दोनच वजनं. ६.५ पासूनच्या फॉन्ट लायब्ररीतून घेतले की फाइली आपल्याच सर्व्हरवर उतरतात. मुक्तची सातही वजनं टाकायची हौस करू नका. जंगलाच्या वाटेवर जिथे नेटवर्क दोन काड्यांवर येतं, तिथेच गिऱ्हाईक गेटाचं पान उघडणार आहे.

साइटची भाषा सेटिंग्ज → जनरलमधून मराठी करा. तेवढ्यानं पानाच्या कोडमध्ये भाषेची खूण मराठी पडते आणि ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल, श मराठी वळणाचे उमटतात. तारखेतले महिनेही मराठी होतात, अंक मात्र रोमनच राहतात. अंक देवनागरी करायचा फिल्टर लावणार असाल तर "सी" फॉरमॅटची तारीख त्यातून वगळा. ती कोडमध्ये सर्च इंजिनांसाठी जाते आणि देवनागरी अंक तिला कळत नाहीत.

आता पत्ता, म्हणजे स्लग. मराठी शीर्षक लिहिलं की वर्डप्रेस मराठीतच स्लग करतं, दिसायला छान. पण डेटाबेसमध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेचे, म्हणजे अक्षर, काना, हलन्त, अनुस्वार या प्रत्येकाचे, नऊ रोमन वर्ण होतात आणि स्लगचा रकाना २०० वर्णांचा आहे. म्हणजे बावीसच खुणा. "उमरेड पवनी कऱ्हांडला वन्यजीव अभयारण्य" लिहून बघा. पत्ता "उमरेड-पवनी-कऱ्हांडला-वन्" इथे कापला जातो, शब्दाच्या मधोमध. व्हॉट्सअ‍ॅपवर असा पत्ता पाठवला की टक्क्यांच्या खुणांची लांबलचक आगगाडी दिसते, ती वेगळीच. म्हणून स्लग रोमन, छोटा आणि जंगलाचं नाव धरून. तेही का? ताडोब्याला नवेगाव गेट आहे आणि गोंदिया जिल्ह्यात नवेगाव राष्ट्रीय उद्यान. दोघांना नुसतं "नवेगाव" दिलंत तर दुसऱ्याच्या मागे वर्डप्रेस २ चा आकडा चिकटवतं. "ताडोबा-नवेगाव" आणि "नवेगाव-बांध" असं पहिल्यापासून ठेवा.

कऱ्हांडल्यातला ऱ्ह स्वतंत्र लक्ष मागतो. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडणारा वर्ण. डोळ्याला दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला दोन निराळे शब्द, शोधात एक लिहिला तर दुसरा हाती लागेलच असं नाही. जंगलांच्या टॅक्सॉनॉमीत आधीच नोंदी करून ठेवा आणि भरणाऱ्याला यादीतून निवडायला सांगा, टाइप करायला नको. जुना मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमधून आलेला असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग नेमके ऱ्य, ऱ्ह असलेले शब्द हातानं तपासा. कन्व्हर्टर बहुधा तिथेच घसरतात.

## तपासणी

३६० पिक्सेल रुंदीवर, म्हणजे साध्या अँड्रॉइडवर, पाच पानं बघा: लांब नावाचं गेट, "झरी", फोटो नसलेलं गेट, एकही फील्ड न भरलेलं गेट आणि एकही गेट नसलेलं जंगल. टेम्प्लेट मोडतं ते याच पाचांत. भरलेल्या पानावर तर काहीही चांगलं दिसतं.

मग वाघाचे फोटो. वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची छोटी प्रत काढून वापरतं, तरी कार्डामधल्या इमेज ब्लॉकला आकार "लार्ज" द्या, "फुल" नको.

## लाइव्ह साइटवर नेताना

लोकल कॉम्प्युटरवर बांधलं असेल तर एडिटरच्या मेन्यूतून "एक्स्पोर्ट" केलं की सगळे बदल फाइलींत उतरलेली थीम झिपमध्ये मिळते. पण ती फाइल उघडून एकदा वाचा. मेन्यूचा नॅव्हिगेशन ब्लॉक आणि सिंक्ड पॅटर्न हे दोन्ही आत फक्त एक क्रमांक ठेवतात, "रेफ". तो क्रमांक तुमच्या लोकल डेटाबेसमधल्या नोंदीचा असतो. लाइव्ह साइटवर त्या क्रमांकाला दुसरंच काही असेल किंवा काहीच नसेल, मग मेन्यूच्या जागी भलत्याच पानांची यादी येते किंवा फूटरमधला फोन गायब होतो. डेटाबेससकट पूर्ण साइट हलवत असाल तर क्रमांक जुळलेले राहतात. फक्त थीम नेत असाल तर नॅव्हिगेशनमधला रेफ काढून टाका, लाइव्हवर मेन्यू निवडा, आणि सूचनेचा व फोनचा पॅटर्न लाइव्हवरच तयार करून टेम्प्लेटमध्ये तिथेच बसवा.

एवढं झालं की होस्टिंगची कॅश रिकामी करा, पर्मालिंक्स पुन्हा सेव्ह करा आणि ऑफिसच्या माणसाला "एडिटर" भूमिकेचं खातं द्या, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं नाही. त्याला गेटं भरता येतील, सूचना बदलता येईल, फोनही बदलता येईल. टेम्प्लेट उघडता येणार नाही.